ब्रेडचं मशीन घेताय? आधी त्याचं भांडं सुटं मिळतं का ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी ब्रेड आणि जॅम करायच्या मशीनांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लेख चांगला होता, फोटो तर फारच छान, पण तो आल्यापासून आमच्या बिल्डिंगमधल्या तिघींनी मला जिन्यात थांबवून विचारलं की काकू तुमच्याकडे होतं ना ते मशीन, घेऊ का आम्ही, आणि प्रत्येकीला तेच सगळं परत सांगण्यापेक्षा इथे लिहावं असं वाटलं. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, घरी ब्रेड करायला लागून दहाएक वर्षं झाली आणि जॅम तर त्याच्याही आधीपासून करते, ब्रेडचं मशीन (एकाच भांड्यात पीठ मळून, फुगवून, भाजून देतं ते) साडेतीन वर्षं वापरलंय, तेव्हा जे लिहितेय ते हातचं आहे.

जॅमचं आधी सांगून टाकते. जॅमसाठी कुठलंही मशीन घेऊ नका. जाड बुडाचं पसरट पातेलं, लाकडी डाव आणि तीनचारशे रुपयांचा किचन थर्मामीटर, बास. ब्रेडच्या मशीनला जॅमचं पण बटण असतं, ते मी तीन वेळा वापरून बघितलं, तिन्ही वेळा जॅम पातळच झाला, पोळीवर लावला की कडेने ओघळायचा, आणि एका वेळी जेमतेम अर्धा-पाऊण किलो फळ मावतं ते वेगळंच. कारण मला नंतर कळलं. जॅम करताना मुख्य काम असतं ते पाणी उडवायचं. नुसतं पाणी १०० डिग्रीला उकळतं, पण जसजसं पाणी उडत जातं आणि साखर दाट होते तसतसं ते मिश्रण जास्त तापमानाला उकळायला लागतं, आणि १०४-१०५ ला पोचलं की समजायचं आता साखरेचं प्रमाण साधारण ६५ टक्क्यांवर आलं, जॅम धरणार. मशीनमध्ये झाकण बंद, वाफ आतल्या आत फिरते, मग पाणी उडणार कुठून? पसरट पातेल्यात जे वीस-पंचवीस मिनिटांत होतं ते तिथे दीड तासात पण होत नाही.

मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उतरणीला लागली की जांभळी नाक्यावर बॉक्स स्वस्त होतात, फळ जरा मऊ झालेलं असतं, खायला नको वाटतं पण जॅमला चालतं. एक किलो फळाला मी ७०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस घालते, आणि स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला चिकट अंश, कमी असतो म्हणून एक आंबट सफरचंद सालासकट किसून टाकते (पेरूच्या जेलीला हे काही लागत नाही, पेरूत पेक्टिन भरपूर). मग गॅस मोठा. आकडा १०१ वर जातो आणि तिथेच रेंगाळतो, पाच मिनिटं, सात मिनिटं, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं थर्मामीटर बिघडला, आणि मग बुडबुडे बदलतात, आधी बारीक फेसाळ असतात ते मोठे, जड, चकचकीत होतात, पच् पच् असा आवाज यायला लागतो, आणि तिथून पुढे आकडा भराभर चढतो, १०३, १०४. त्या वेळी पातेल्यासमोरून हलायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर एक थेंब टाकायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि बोटाने ढकलायचा, वर सुरकुती पडली की गॅस बंद. आमच्या सासूबाई साखरांब्याचा पाक अंगठ्यात आणि बोटात धरून तार बघायच्या, त्यांना कुठला थर्मामीटर नको होता, पण त्यांनी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात ते केलेलं होतं. माझ्या सुनेला पहिल्याच खेपेला जमलं ते त्या आकड्यामुळे, म्हणून ती एक वस्तू मी सगळ्यांना घ्यायला सांगते.

आणि घरचा जॅम करण्यात अर्थ आहे का, तर आहे. नियमाने बाजारच्या जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के लागतं, आणि स्ट्रॉबेरी किंवा रासबेरीचा असेल तर २५ टक्के पण चालतं. माझ्या एक किलो स्ट्रॉबेरीचा जॅम होतो सव्वा किलोच्या आसपास. हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता ब्रेड. इथे मात्र मी मशीनच्या बाजूची आहे, आणि लोक जेव्हा म्हणतात की हे सगळं फॅड आहे, चार दिवस वापरतात आणि माळ्यावर टाकतात, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ज्याचा हात चालतो त्याला हे कळत नाही. मी आधी हातानेच मळायची. ब्रेडचं पीठ पोळीच्या कणकेसारखं नसतं, पोळीची कणीक भिजवून झाकून ठेवली की अर्धं काम ती आपली आपण करते, ब्रेडचं पीठ दहा-बारा मिनिटं चांगलं तिंबावं लागतं, पुरणपोळीची कणीक तिंबतात तसं, ओढायचं, आपटायचं, परत गोळा करायचं, तेव्हा कुठे त्याला असा चिवटपणा येतो की छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला तर पातळ पडदा होतो आणि फाटत नाही. तो पडदा नाही आला तर ब्रेड विटेसारखा. माझा उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी पिळणं, मळणं, जोर देणं सगळं बंद सांगितलं, आणि दोन वर्षं मी ब्रेड केलाच नाही. मुलाने मशीन आणलं ते तेव्हा.

या मशीनची एक गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये मात्सुशिता (आताची पॅनासोनिक) कंपनीने १९८७ साली घरगुती ब्रेडचं मशीन बाजारात आणलं, पण त्याआधी त्यांचा ब्रेड काही केल्या नीट होईना, बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. मग त्यांच्या इकुको तानाका नावाच्या एक बाई ओसाकाच्या इंटरनॅशनल हॉटेलमधल्या मुख्य बेकरच्या हाताखाली जाऊन पीठ मळायला शिकल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस पीठ नुसतं दाबत नाही, ते पिळून ओढतो. तो पीळ मशीनमध्ये यावा म्हणून इंजिनियर लोकांनी भांड्याच्या आतल्या बाजूला खास कंगोरे दिले. म्हणजे ते यंत्र बनवणाऱ्यांना पण शेवटी हाताकडेच जावं लागलं, आणि कुठल्याही ब्रेड मशीनची खरी किंमत त्या मळण्यातच आहे असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून मी मशीनमध्ये फक्त पीठ मळून घ्यायची आणि भाजायची ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. आत भाजलेल्या ब्रेडला तळाला पात्याचं भोक पडतं, वरचा भाग फिका राहतो आणि कडेची साल जाड होते. दुसरं म्हणजे आपली हवा. मशीनमधल्या वेळा पक्क्या ठरलेल्या असतात, ठाण्यात मे महिन्यात स्वयंपाकघर ३४-३५ डिग्रीला असतं, तिथे जे पीठ फुगायला दीड तास द्यायचा ते पाऊण तासात फुगून जातं आणि मशीन आपलं वाट बघत बसतं, मग भाजताना मधोमध खड्डा. माझे सुरुवातीचे पाच ब्रेड असेच बसले. उपाय साधा आहे, उन्हाळ्यात यीस्ट पाव भागाने कमी आणि पाणी फ्रीजमधलं, आणि यीस्टचं पाकीट फोडलं की डबी फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात पीठच मुळात ओलसर असतं, तेव्हा पाणी दोन चमचे कमी. मैद्यात चक्कीची कणीक मिसळत असाल तर उलट पाणी जास्त लागतं, आपली चक्कीवर दळलेली कणीक पाणी खूप पिते. मशीनसोबतच्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं, ते दुसऱ्याच हवेसाठी लिहिलेलं होतं.

मशीन घ्या किंवा घेऊ नका, वजनकाटा मात्र घ्या. चारशे रुपयांत डिजिटल काटा मिळतो. एक कप मैदा दाबून भरला तर १५० ग्रॅम होतो आणि भुरभुरून भरला तर १२०, तीन कपांत फरक किती पडतो बघा, आणि मग आपण म्हणतो यीस्ट खराब होतं. काटा आल्यावर माझा ब्रेड जितका सुधारला तितका मशीन आल्यावर पण सुधारला नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

पैसे वाचतील म्हणून कोणी घेणार असेल तर आधी हे बघा. मशीन आठ-दहा हजारांचं. पीठ, यीस्ट, तेल, लाइट धरून विकतच्या ब्रेडपेक्षा मला एका ब्रेडमागे वीस रुपये सुटतात असं धरलं तरी दहा हजार निघायला ५०० ब्रेड करावे लागतात, आठवड्याला दोन केले तर २५० आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. बाहेरच्या ब्रेडमधल्या केमिकलची भीती हे पण कारण नव्हे, ब्रेड छान फुगावा म्हणून पिठात घालायचे ते पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्येच परवानगीच्या यादीतून काढलंय, आणि पाकिटावर २८२ नंबर असतो तो कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी येऊ नये म्हणून. तो आपण घालत नाही म्हणूनच घरचा ब्रेड जुलैमध्ये तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो, मी गार झाला की लगेच स्लाइस करून फ्रीजरला टाकते. घरच्या ब्रेडची खरी कारणं म्हणजे चव, त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असणं, आणि सकाळी घरभर पसरणारा तो वास. पाव मात्र मी अजूनही बेकरीतूनच आणते, भट्टीचा पाव घरी होत नाही.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. साडेतीन वर्षांनी मशीनच्या भांड्याच्या तळाचा दांडा, ज्यावर पातं बसतं, तो जाम झाला. आधी करकर आवाज यायचा, मग खालून काळपट तेलकट पाणी झिरपायला लागलं, मग पातं फिरेनाच. मशीन चालू, मोटर चालू, हीटर चालू, बटणं सगळी चालू, फक्त भांडं गेलं. कंपनीला फोन केला, चार वेळा केला, शेवटी सांगितलं की हे मॉडेल बंद झालंय, भांडं सुटं मिळणार नाही, नवीन मशीन घ्या. मी भांडं पिशवीत घालून स्टेशनजवळच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्या माणसाने भांडं उलटं केलं, दांडा बोटाने फिरवून बघितला आणि म्हणाला मावशी, मिक्सरच्या भांड्याचा असता तर दहा मिनिटांत बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) बदलून दिला असता, हे माप माझ्याकडे नाही, कोणाकडेच नसेल. त्याच्या मागच्या फळीवर डबेच्या डबे भरलेले, बुश, कपलर, रबर, पाती, वीस वीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरची. माझा लग्नातला मिक्सर अजून चालतोय तो अशाच दुकानांमुळे, त्याचं भांडं तिसरं आणि पाती किती वेळा बदलली ते आठवत पण नाही. सात किलोचं धडधाकट मशीन केवळ एका भांड्यापायी ई-कचऱ्यात द्यायला माझं मन होत नाही, ते अजून माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलंय.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर इंडिया नावाचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी त्यावर सुटे भाग, दुरुस्ती, वॉरंटी याची माहिती द्यावी म्हणून. मी आशेने उघडून बघितलं, माझ्या मशीनचं काही सापडलं नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार टाकायची ठरवलंय.

सध्या मी फूड प्रोसेसरमध्ये पीठ मळते. कणीक मळायचं पातं बऱ्याच घरांत असतंच, मिक्सरसोबत आलेलं आणि खोक्यात पडून असलेलं. अडीचशे ग्रॅमच्यावर पीठ घेत नाही आणि थांबून थांबून फिरवते नाहीतर पीठ गरम होतं, मग दोन खेपा करून एक ब्रेड. होतो चांगला, पण भांडं धुवायचा आणि पीठ खरवडून काढायचा त्रास अंगठ्याला जाणवतो. म्हणून बिल्डिंगमधल्या तिघींना माझं वेगवेगळं सांगणं आहे. जिचे हात चांगले आहेत आणि घरात फूड प्रोसेसर आहे तिने मशीन घेऊ नये, काटा आणि थर्मामीटर घ्यावा. जिच्या घरी सासूबाईंना संधिवात आहे आणि त्यांनाच ब्रेड करायची हौस आहे तिने जरूर घ्यावं, पण दुकानातच विचारावं की भांडं आणि पातं सुटं किती रुपयांना मिळतं, आणि शक्य असेल तर पहिल्याच दिवशी एक जास्तीचं भांडं घेऊन ठेवावं. तिसरीला अजून हौसच आहे की नाही ते माहीत नाही, तिने आधी महिनाभर माझ्याकडे येऊन करून बघावं.

संपादक साहेब, आपल्या पुरवणीत दर महिन्याला नवीन उपकरणांची माहिती येते, किंमत, वॅट, किती प्रोग्रॅम, रंग कुठले. तिथे एक रकाना वाढवा, सुटे भाग मिळतात का, किती वर्षं मिळतील आणि ठाण्यात दुरुस्त कुठे होतं. आणि कुणा वाचकाकडे असं बंद पडलेलं पण भांडं शाबूत असलेलं ब्रेड मशीन असेल तर आपल्या पेपरमार्फत कळवा, मी पैसे देऊन घेऊन जाईन.

आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)