नानांस पत्र: लाकडाचा हिशेब

माँटपेलियर, व्हरमाँट
दि. 11 जानेवारी 2026

तीर्थरूप नाना व तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीत फोनवर नानांनी विचारले होते, की तेलाची भट्टी घरात असताना सरपण फोडण्याची दुर्बुद्धी मला का झाली, आणि त्यातून खरोखरच पैसे वाचतात की ही नुसती हौस आहे. फोनवर मी हसून वेळ मारून नेली, कारण आकडे माझ्यासमोर नव्हते. आज रविवार आहे, बाहेर उणे 19 अंश तापमान आहे आणि वही समोर उघडी आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहितो. नानांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षे बॉयलर सांभाळला आहे, त्यामुळे माझ्या हिशेबातली चूक त्यांना माझ्याआधी दिसेल, हे मनाशी धरूनच लिहीत आहे.

आधी या घराची स्थिती सांगतो. घर जुने आणि लाकडी आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत ते सतत गरम ठेवावे लागते. तळघरात तेलाची भट्टी आहे. टँकरवाला येऊन टाकी भरून जातो आणि बिल दारात अडकवून ठेवतो. पूर्वी एका हिवाळ्यात सुमारे 800 गॅलन तेल लागत असे. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून किंचित जास्त. गेल्या हिवाळ्यात मला पडलेला दर गॅलनला पावणेचार डॉलर होता, म्हणजे नुसत्या उबेसाठी 3,000 डॉलर खर्च झाले असते. सोलापुरात उन्हाळ्यात कूलर लावून आपण विजेच्या बिलाच्या नावाने बोटे मोडतो. इथे त्याच्या उलट प्रकार आहे आणि तो जास्त महाग आहे.

म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी बसवून घेतली. इथे तिला स्टोव्हच म्हणतात, पण तो शब्द वापरला तर आईच्या डोळ्यांसमोर पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह येईल, म्हणून मी शेगडीच म्हणेन. ती ओतीव लोखंडाची आहे, तिच्या दाराला काच आहे आणि वर स्टीलची नळी थेट छपरापार गेली आहे. आपल्याकडे चिमणी म्हटले की हल्ली 2023 साली पाडलेल्या सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीचीच गोष्ट निघते. माझी चिमणी वीतभर रुंद आहे, पण बसवणाऱ्याने पैसे मात्र कारखान्याच्या तोऱ्यात घेतले. शेगडी, नळी आणि मजुरी मिळून 5,200 डॉलर झाले. त्यांतले 1,560 डॉलर आयकरात सवलत म्हणून परत मिळाले, कारण चांगल्या कार्यक्षमतेच्या शेगडीवर त्या वेळी 30 टक्के सूट होती. 2025 संपताच ती सूटही संपली, तेव्हा आज कोणी माझे बघून शेगडी घेतली, तर त्याला हा आकडा धरता येणार नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. त्या ऑक्टोबरात मी एका लाकूडवाल्याकडून ‘वाळलेले’ म्हणून चार कॉर्ड लाकूड घेतले. कॉर्ड हे इथले माप आहे. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी, म्हणजे 128 घनफूट, आपल्या भाषेत जवळजवळ सव्वा ब्रास. कॉर्डला 400 डॉलर दिले. ओंडके फाडलेले होते, टोकांना चिरा होत्या आणि रंग उतरलेला होता. मला वाटले, झाले काम. प्रत्यक्षात नोव्हेंबरपासून शेगडीत लाकूड टाकले की ते चुरचुरायचे, टोकांतून फेस येऊन पाण्याचे थेंब टपकायचे, दाराची काच दोन दिवसांत काळी व्हायची आणि खोली मात्र कोमटच राहायची. डिसेंबरात अखेर दोन सुयांचे ओलावा मोजण्याचे यंत्र आणले, एक ओंडका मधोमध फोडला आणि आतल्या ताज्या बाजूवर सुया रोवल्या. आकडा 34 टक्के आला. जाळण्याच्या लाकडात तो 20 च्या खाली असावा लागतो.

चूक माझी होती, आणि ती सोलापूरची होती असे म्हटले तरी चालेल. वखारीतून आणलेले बाभळीचे सरपण आपण मागच्या अंगणात टाकायचो आणि मेमधल्या त्रेचाळीस अंशांच्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांत खडखडीत व्हायचे. लाकूड वाळवणे हेही एक काम आहे, हे मला कधी कळलेच नव्हते, कारण ते काम आपल्याकडे ऊन फुकट करते. इथला उन्हाळा तीन महिन्यांचा, मधूनमधून पावसाचा आणि दमट असतो. मेपलचे फोडलेले लाकूड वाळायला वर्षभरही लागू शकते आणि ओकला दोन वर्षेही लागतात. ज्या लाकडाने 2027 चा हिवाळा काढायचा, ते आज थप्पीला लागलेले असावे, असा इथल्या शेजाऱ्यांचा हिशेब असतो. ऐन थंडीत ‘वाळलेले’ लाकूड शोधणारा माणूस त्यांना कपाळकरंटा वाटतो.

ओल्या लाकडाने नुकसान कसे होते, हे नानांना सांगायला नको. एक किलो पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात, हे त्यांनी मला नववीत असताना पाठ करून घेतले होते. पण माझ्या अनुभवाने खरे नुकसान त्याच्या पुढचे आहे. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता ते तापल्यावर सुटणाऱ्या वायूंत असते. या शेगडीत वरच्या बाजूला बारीक भोकांच्या नळ्या आहेत, त्यांतून तापलेली हवा येते आणि ते वायू तिथे दुसऱ्यांदा पेटतात. लाकूड वाळलेले असले, की ओंडक्यांपासून सुटी, छताला चिकटून डुलणारी ज्वाळा दिसते. ती पाहत बसणे हा आमच्या घरातला टीव्ही आहे. लाकूड ओले असले, की आतला उष्मा तिथवर चढतच नाही, वायू न जळता निघून जातात आणि थंड नळीत जाऊन डांबरासारखे चिकटतात. इथे त्याला क्रिओसोट म्हणतात. तो साठून पेटला तर चिमणीलाच आग लागते. मार्चमध्ये चिमणी साफ करणाऱ्याने आमच्या नळीतून जवळजवळ बादलीभर काळी चकाकणारी पापुद्र्यांची खपली काढली आणि एक शब्दही न बोलता ती बादली माझ्या पायांशी ठेवली. काळा धूर दिसला की मालकाचा पैसा वर चालला, असे नाना फायरमनला ओरडून सांगायचे. इथे मालकही मीच आणि फायरमनही मीच होतो.

त्या पहिल्या हिवाळ्यात लाकडाचे 1,600 डॉलर गेले आणि तरीही 600 गॅलन तेल लागले, म्हणजे आणखी सव्वादोन हजार. एकूण 3,850 डॉलर झाले. शेगडी बसवलीच नसती, तर साडेआठशे डॉलर वाचले असते.

त्यानंतर रीत बदलली. एप्रिल 2024 मध्ये दोन कॉर्ड ओले लाकूड, ओले म्हणूनच, 300 डॉलर दराने घेतले. उरलेले दोन कॉर्ड फुकट मिळाले. इथे ॲश नावाची झाडे रानभर आहेत आणि पाचूच्या रंगाचा एक परका किडा ती मारत सुटला आहे. तो अमेरिकेत प्रथम 2002 साली मिशिगनमध्ये आणि व्हरमाँटात 2018 साली सापडला. शेजाऱ्याच्या बांधावरची मेलेली चार झाडे पाडायला मी मदत केली आणि वाटणीला लाकूड आले. तो किडा सरपणातून गावोगाव पसरतो, म्हणून लाकूड लांब नेऊ नये असे सरकार बजावते. माझे लाकूड दोनशे पावलांवरून आले. ॲशमध्ये मुळातच पाणी कमी असते आणि ते सरळ फाटते. थंडीत गोठलेल्या ओंडक्यावर कुऱ्हाड पडली, की पाचर न लावता नारळासारखी दोन भकले होतात. मेपलच्या गाठीत मात्र कुऱ्हाड अशी रुतून बसते, की ती काढता काढता सोलापुरी शिव्या आठवतात.

थप्पी रचतानाही मी आधी आपल्या सवयीने चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने येऊन ती काढली. खाली फळ्या घालून लाकूड जमिनीपासून उचलायचे, एकेरी ओळ लावायची, वर तेवढे झाकायचे आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या. सप्टेंबरात दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्या, तर टणत्कार आला. ओल्या लाकडाचा आवाज थप्प येतो. यंत्राने 17 दाखवले.

गेल्या हिवाळ्याचे आकडे असे आहेत. तेल 270 गॅलन, म्हणजे हजार डॉलरच्या आसपास. विकतचे लाकूड 600 आणि चिमणी साफ करण्याचे 250. एकूण 1,850, म्हणजे 1,150 डॉलर वाचले. तेल पूर्ण सुटलेले नाही, कारण मागच्या खोल्यांत ऊब पोहोचत नाही आणि आम्ही दिवसभर कामावर असतो. शेगडीचे सवलत जाऊन 3,640, करवत, कुऱ्हाड आणि यंत्राचे 450 असे 4,090 डॉलर गुंतले आहेत. ते या चालीने चौथ्या वर्षी फिटतील. पहिल्या वर्षीचा फटका त्यात धरलेला नाही. सगळे लाकूड विकत घेतले असते, तर वर्षाला साडेपाचशेच वाचले असते आणि सात वर्षांहून अधिक काळ लागला असता. माझी मजुरी मी शून्य धरली आहे. तिथे नाना लाल पेन्सिलीने खूण करतील, हे मला ठाऊक आहे.

पैशांत न बसणारी एक जमेची बाजू आहे. डिसेंबरात बर्फाने तारा तुटल्या आणि चौदा तास वीज नव्हती. तेलाची भट्टी विजेवाचून चालत नाही, पण शेगडी चालली, आणि तिच्यावर खिचडीही शिजली.

आईने दार बंद करून शेगडी पेटवू नका, असे दोनदा बजावले आहे. आई, ही उघडी कोळशाची शेगडी नव्हे, हिचा धूर नळीतून बाहेरच जातो. तरीही विषारी वायू ओळखणारा भोंगा झोपण्याच्या खोलीबाहेर लावला आहे. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरून घरापासून लांब दगडावर ठेवतो, कारण तिच्यात निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो आणि इथली घरे लाकडी आहेत. आजी रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे त्यावरच बंब पेटवायची, तसे मीही करतो. सकाळी राख सारली, वर चार बारीक ढलप्या टाकल्या आणि दार किंचित किलकिले ठेवले, की काडी लागत नाही. तुराट्या मात्र इथे मिळत नाहीत, त्यांची उणीव भासते. धुराची काळजीही करू नकोस. नव्या शेगड्यांना 2020 पासून तासाला साधारण 2 ग्रॅम कणांची मर्यादा आहे आणि वाळलेल्या लाकडावर आमच्या चिमणीतून वर हवा थरथरताना तेवढी दिसते.

एक अडचण राहिली आहे आणि ती नानांनाच विचारायची आहे. कडाक्याच्या थंडीत ड्राफ्ट, म्हणजे धूर वर खेचणारी चिमणीची ओढ, उत्तम लागतो. पण मार्चअखेरीस बाहेर आठ-दहा अंश असले आणि शेगडी रात्रभर विझलेली असली, की नळीतली थंड हवा खालीच बसून राहते आणि पेटवताना सगळा धूर खोलीत येतो. मी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून नळीच्या तोंडाशी धरतो, त्याने कधी जमते, कधी नाही. सुट्टीनंतर थंड पडलेला बॉयलर सोमवारी पहाटे पेटवताना तुम्ही डँपर, म्हणजे धुराच्या वाटेतली झडप, आधी पूर्ण उघडत होता, की थोडा चढता जाळ झाल्यावर? आणि चिमणीच्या तळाशी आधी काही जाळत होता का? पुढच्या फोनवर सांगावे, मी वहीत लिहून घेईन.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आता सुरू झाली असेल. होम मैदानावर आईला एकटी सोडू नये.

आपला,
अरविंद