पार्लरचा गल्ला लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण सोलापुरात माझ्यासारखं दोन खुर्च्यांचं पार्लर चालवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत आणि हा प्रश्न प्रत्येकीला पडतो: गिऱ्हाइकाकडून पैसे कशा-कशाने घ्यायचे?

कार्डाचं मशीन विकायला आलेला माणूस कार्ड, वॉलेट, हप्ते असं सगळं एका दमात सांगून गेला होता. तुम्ही मात्र आधी माझी वही मागितलीत. शनिवारच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ विचारत गेलात. ही कोण? किती झाले? कशाने दिले? थ्रेडिंग ५० रुपये, रोख. हेअरकट २०० रुपये, फोनवरून. फेशियल, फोनवरून. पान संपेपर्यंत माझं मलाच दिसलं की कार्ड पुढे करणाऱ्या फक्त नवरीकडच्या मंडळी असतात, त्याही लग्नसराईत.

मग कार्डाचा हिशेब मांडलात. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के जातात, म्हणजे १५,००० च्या ब्रायडल पॅकेजमागे ३०० रुपये. वर मशीनचं भाडं, आणि ते तिथी नसलेल्या महिन्यांतही भरायचं. डेबिट कार्डाचं तसं नाही, हेही सांगितलंत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मशीनवर ०.४० टक्क्यांहून जास्त शुल्क लावता येत नाही, आणि यूपीआय व रूपे डेबिटवर जानेवारी २०२० पासून काहीच लागत नाही. विकायला आलेल्या माणसाने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

मशीन घेतलंच नाही. क्यूआर घ्यायला लावलात, तोही माझ्या घरच्या खात्याचा नाही, पार्लरच्या नावाने चालू खातं उघडून दुकानदाराचा. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेल्या बायकांना तोच चालतो, खासगी क्यूआर चालत नाही. २,००० रुपयांपर्यंतच्या बिलावर लहान दुकानदाराला त्याचंही शुल्क पडत नाही.

साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं मला नको वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "तुझे हात बघ." खरंच, हाताला वॅक्स लागलेलं असतं, नाहीतर मेंदी. अशा वेळी फोन कुठे उचलणार, आणि पुढे केलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा कसा ओळखणार? आता "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं ऐकू आलं की मी मान न वळवता दोरा ओढत राहते. मदतनीस मुलगीसुद्धा गल्ला निर्धास्त सांभाळते.

पण सगळ्यात जास्त आभार मानायचे ते रोख चालू ठेवायला लावल्याबद्दल. "फक्त ऑनलाइन" अशी पाटी लावायचं माझ्या मनात होतं, सुट्ट्या पैशांची कटकट जाईल म्हणून. तुम्ही पूर्वभागातून येणाऱ्या विडीकामगार मावश्यांची आठवण करून दिलीत. त्या रुमालाच्या गाठीतून नोटा काढतात, मोजून हातावर ठेवतात, आणि लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हक्काने येऊन बसतात. त्यांना दारातून परत पाठवणारं पार्लर मला चालवायचं नाही. सुट्ट्यांसाठी आता वेगळा डबा आहे, आणि दिवसाची रोख संध्याकाळी पिग्मीवाले दादा घेऊन जातात.

आयकराचंही तुमच्यामुळेच कळलं. लहान धंद्याच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोखीच्या जमेवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के. म्हणून ब्रायडलचा ॲडव्हान्स मी आता खात्यावरच घेते. तारीख मोडली तर दोघींकडे पुरावाही राहतो.

गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या गर्दीत, ही सगळी व्यवस्था नीट चालली. बिलावरून कुणाशी हुज्जत झाली नाही की हिशेब अडला नाही.

आता विजापूर रोडवरच्या दोघी मैत्रिणींनाही हेच ठरवायचं आहे. एकीकडे नुसती रोख चालते, दुसरीकडे मशीन पडून आहे आणि भाडं चालू आहे. तुम्हाला सवड असेल तेव्हा त्यांना वह्यांसकट घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
खालच्या गाळ्यातली पार्लरवाली