पडद्यावरचा घाम आणि आवारातले पट्टे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंग हलवायला लावणारे व्हिडिओ गेम मुलांना आणून दिले की मैदानाची उणीव भासणार नाही, असे मत आमच्या सोसायटीच्या सभेत नुकतेच मांडले गेले आणि पाठोपाठ आवारातील मोकळ्या जागेत आणखी सहा गाड्यांसाठी पट्टे आखण्याचा विषय निघाला. मुंबईतील एका शाळेत अठ्ठावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका या नात्याने, हे दोन विषय एका दमात निघाल्याबद्दल मला लिहावेसे वाटते.

या खेळांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. गेल्या पावसाळ्यात सलग चार दिवस झड लागलेली असताना माझा नऊ वर्षांचा नातू दिवाणखान्यातले टीपॉय बाजूला सारून टीव्हीसमोर टेनिस खेळत होता. पंधरा मिनिटांत त्याचा टी-शर्ट घामाने चिंब झाला आणि धपधप ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आठवड्याभरात मात्र त्याला खरी मेख सापडली. पडद्यावरचा खेळाडू आपला आपण धावतो, आपण फक्त रिमोटला वेळेवर झटका द्यायचा, हे ध्यानात येताच चिरंजीव सोफ्यावर लोळून नुसत्या मनगटाने सामने जिंकू लागले. खो-खोमध्ये ही सवलत नसते. पाठलाग करणारा भिडू पाठीशीच असतो!

हा केवळ आमच्या घरचा अनुभव नव्हे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ९ ते १२ वर्षांच्या मुलांना असे गेम घरी देऊन १३ आठवडे त्यांची हालचाल यंत्राने मोजली गेली, तेव्हा बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ती अधिक हलल्याचे दिसले नाही. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये गाजलेल्या, मोबाइल हातात घेऊन बाहेर फिरत खेळायच्या ‘पोकेमॉन गो’चीही तीच गत. तो खेळणारे अमेरिकेतील तरुण पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावले जास्त चालले, पण सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ पार विरून गेली.

याउलट, जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये पायाखालच्या बाणांवर तालात पाय टाकावाच लागतो, शेजारी दुसरा भिडू नाचत असतो आणि भोवती बघे जमतात. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने हा खेळ शाळांच्या शारीरिक शिक्षणात आणला, तो उगाच नव्हे. आपल्याकडेही असा एखादा संच घराघरांत न घेता सोसायटीच्या सभागृहात ठेवावा, जून ते सप्टेंबर संध्याकाळी ठरलेल्या वेळी मुलांचे दोन संघ पाडून तो खेळवावा आणि एखाद्या मोठ्या माणसाने तिथे बसावे, असे मी सुचवते. खुर्च्या आणि जुने बॅनर हलवले, तर जागा होईल.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमसास लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाऊस थांबल्यावर उरलेले आठ महिने ती कुठे करायची, याचे उत्तर सभेत कोणी दिले नाही. पट्ट्यांचा ठराव पुढील महिन्यात मतास येणार आहे. सहा गाड्यांच्या त्या जागेत लंगडीचा डाव मावतो. मी पावले टाकून मोजले आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, मुंबई