सुभेदार काका, या रविवारी आत या

आदरणीय सुभेदार काका,

सादर नमस्कार.

तुम्ही आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहता, तरी हे पत्र लिहितोय, तेही चार लोकांना वाचता येईल असं. समोरासमोर आलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवता आणि मी पाण्याच्या टँकरवर बोलायला लागतो. शिवाय आपल्या विहितगावात लोक तुम्हाला ओळखतात ते पार्किंगमधल्या स्कूटर एका रेषेत लावायला लावणारे म्हणून. तेवढीच ओळख राहू नये.

गेल्या ऑक्टोबरात लेक लष्करात अधिकारी व्हायला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेली. ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडीची, पाच दिवसांची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली, तेव्हाच आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो. अवघड ते संपलं अशी आमची समजूत. मग काही आठवडे फोनच नाही. दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी आला, चार मिनिटांचा. आवाज इतका बसलेला की मी आधी "कोण बोलतंय?" असंच विचारलं. नंतर एका दमात जेवण, झोप, ताप, कुणी त्रास देतंय का, सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, "सगळं ठीक आहे बाबा." थोडा वेळ काहीच नाही. मग, "ठेवते."

हिने देवापुढे बसकण मारली. मी चेन्नईची तिकिटं बघायला लागलो. हिचा जीव राहत नाही म्हणून, असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं काका.

तुम्ही नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात रंगरूट घडवलेले उस्ताद. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "खोकत होती का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग घसा ड्रिलने गेलाय. मैदानाच्या या टोकाचा हुकूम त्या टोकाला ऐकू जायला लागतो. सुरुवातीला सगळ्यांचाच जातो." आणि चारच मिनिटं? "रविवारी कपडे धुवायचे, बूट चमकवायचे, राहिलेली झोप काढायची. त्यातून चार तुम्हाला दिली." आणि ते 'सगळं ठीक आहे'? "शेजारी बरोबरीच्या चौघी उभ्या असतील. त्यांच्यादेखत काय सांगणार?" मुलीच्या जातीला हे झेपेल का, असंही मी विचारून बसलो. तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "तिथे पोरी १९९२पासून जाताहेत. तुमची काही पहिली नाही."

तिकीट काढू नका असं तुम्ही म्हणाला नाहीत. "जाऊन गेट बघून परत याल," एवढंच म्हणालात.

आणि मग ते सांगितलंत, जे मला या वयात कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. तिला प्रश्न विचारू नका, तिथे दिवसभर जाबच द्यायचा असतो. घरातलं सांगा, जितकं किरकोळ तितकं चांगलं. आणि पत्र लिहा, ते रात्री पुन्हा काढून वाचता येतं.

तेव्हापासून दर बुधवारी पत्र जातं. यंदा चिवडा आईने करपवला. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की आपल्या काचा अजून तशाच वाजतात. शेजारचं मांजर सुभेदार काकांच्या बुलेटवर झोपतं आणि ते त्याला उठवत नाहीत (हे तुम्ही मला लिहू नका म्हणाला होतात). गोदावरीला पूर आला, आपण ज्याच्यावरून पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं. हे असलं लिहायला आधी लाज वाटायची. मग एका रविवारी तिनेच फोन केल्या केल्या विचारलं, "मारुतीच्या छातीला लागलं का पाणी?" त्या दिवशी ती अकरा मिनिटं बोलली. रगडा म्हणजे शिक्षेची कसरत कशी असते, कोलांट्या किती माराव्या लागतात, पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात नळ सोडून कशी रडली होती, सगळं हसत हसत. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

जानेवारीतलं तेवढं राहिलं. नडगी दुखतेय, पण सांगितलं तर रेलिगेट करतील, सहा महिने मागच्या कोर्सबरोबर काढावे लागतील, म्हणून ती लपवत होती. तेव्हा तुम्ही स्वतःचाच नियम मोडून माझ्याकडून निरोप दिलात: उद्या सकाळी एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जा, आठवडा विश्रांती घेतलीस तर आठवडाच जाईल, हाडाला चीर गेली तर महिने जातील. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. उस्तादांचं म्हटल्यावर गेली. नऊ दिवसांत परत मैदानात होती.

आता श्रावण लागलाय. पुढच्या महिन्यात परेड, आणि त्यानंतर तिच्या खांद्यावर तारे आम्ही दोघांनी लावायचे. गुडघ्यांमुळे तुम्हाला चेन्नईचा प्रवास नको, हे कळलं. त्यावर वाद घालत नाही.

पण एक तक्रार आहे. दर रविवारी फोन यायच्या वेळेला तुम्ही वर येता आणि दाराबाहेर पायरीवर बसता. फोन संपला की "आवाज कसा होता?" एवढं विचारून खाली जाता. घरच्यांच्या बोलण्यात परक्याने बसू नये, म्हणे. परवा लेकीने विचारलं, "ते पायरीवर आहेत ना? आत बोलवा, बुटांची टो चमकत नाहीये, त्यांनाच विचारायचंय."

तेव्हा येत्या रविवारी साडेचारला आत या. बिनसाखरेचा चहा आणि स्पीकरवर फोन, दोन्ही तयार ठेवतो.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा, स्कूटर वाकडी लावणारा