ओटो विकताना तो दुकानात कधी आला तेही सांगा

महोदय,

घरात गोड्या पाण्याचा फिश टँक ठेवणाऱ्यांची संख्या वाढत आहे. काचेवर हिरवा-तपकिरी थर दिसू लागला की दुकानदार बहुतेक वेळा ‘ओटो घ्या, काच साफ ठेवतो’ असे सांगून ओटोसिंक्लस नावाचे छोटे मासे पिशवीत बांधून देतात. त्यांतील बरेचसे पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि दोष आपल्याच पाण्याचा असे समजून ग्राहक पुन्हा तेच मासे आणतो. हे थांबवता येण्यासारखे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

जेमतेम दीड इंचाचा हा मासा दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला असून बाजारात येणारे बहुतांश ओटो तेथेच पकडलेले असतात. दगडांवरचा आणि पानांवरचा सूक्ष्म थर तो जवळजवळ दिवसभर खरवडत असतो. पकडल्यापासून आपल्या दुकानापर्यंतच्या प्रवासात मात्र त्याला फारसे खायला मिळत नाही आणि अन्न पचवायला मदत करणारे आतड्यातील सूक्ष्मजीवही या उपासमारीत कमी होतात. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा मासा आतून खंगलेला असू शकतो. तो ओळखायचा असेल तर काचेला चिकटलेला असताना खालून त्याचे पोट पाहावे. ते भरदार, निदान सपाट तरी हवे. आत ओढले गेलेले दिसले, तर तो मासा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

दुसरी अडचण नव्या टँकची आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण महिना ते दीड महिना लागतो, आणि ओटोला खाण्याजोगा थर जमायला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत हा मासा आणूच नये. विशेषतः बोअरवेलच्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास असेल, तर अधिक सावध राहावे. 25 अंश सेल्सियसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो, तर पीएच 8 ला तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो.

जवळच्या दुकानातून आणलेला मासा सोडताना पिशवीतील पाण्यासह तो एका भांड्यात घ्यावा, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकचे पाणी त्यात थेंब-थेंब पडू द्यावे आणि पाऊण-एक तासाने मासा लहान कपाने उचलून टँकमध्ये सोडावा. जाळी वापरू नये, कारण पंखांचे काटे तिच्यात अडकतात. भांड्यातले पाणी टँकमध्ये ओतू नये. तो दिवस टँकचा दिवा बंद ठेवावा. नंतर मासा अधूनमधून वर जाऊन हवा घेताना दिसला तर घाबरू नये, ती त्याची सवयच आहे. मात्र तो सतत पृष्ठभागावरच राहू लागला, तर पाणी लगेच तपासावे. थर अपुरा असेल तर उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने किंवा काकडीची चकती तळाशी ठेवावी. न खाल्लेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढून टाकायला विसरू नये.

एवढे सगळे ग्राहकाने पाळले तरी पहिली जबाबदारी विक्रेत्याचीच राहते, असे माझे ठाम मत आहे. आलेले ओटो दोन-तीन आठवडे वेगळ्या, जुन्या टँकमध्ये ठेवून ते नीट खाऊ लागल्यावरच विक्रीस काढावेत. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान टँकच्या काचेवर मासे आल्याची तारीख लिहावी. अशा काळजीने सांभाळलेल्या माशाची किंमत जास्त असेल, आणि ती द्यायला माझ्यासारखे अनेक हौशी मत्स्यपालक आनंदाने तयार आहेत.

— एक मत्स्यप्रेमी वाचक, ठाणे