सव्हाना की चार्ल्सटन

अटलांटा,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

एप्रिलमध्ये तुम्ही इकडे याल तेव्हा समुद्रकाठचे एखादे जुने शहर पाहावे, असे बाबांनी फोनवर सुचविले आणि नकाशावरून सव्हाना व चार्ल्सटन ही दोन नावे स्वतःच शोधून काढली, याचा मला फार आनंद झाला. दोन्ही इतकी जवळ आहेत तर दोन्हींचा खटाटोप कशाला, एकच नीट पाहू, हे तुमचे म्हणणेही रास्त आहे. सव्हाना जॉर्जियात, चार्ल्सटन शेजारच्या साउथ कॅरोलिनात. मध्ये सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे मोटारीने दोन तासांचा रस्ता. दोन्ही शहरे इंग्रजांच्या वसाहतकाळातील, दोन्ही बंदरे, दोन्हीकडे प्रचंड ओक वृक्ष आणि जुनी घरे. पर्यटनाच्या पुस्तिकांतील छायाचित्रांची अदलाबदल केली तरी पुष्कळांच्या लक्षात येणार नाही. तरीही मुक्काम कोठे करावा याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मुक्काम सव्हानात करू आणि चार्ल्सटनला एक रात्र व दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होईपर्यंतचा वेळ देऊ.

याचे पहिले कारण आईचे गुडघे आहेत. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने १७३३ मध्ये सव्हाना वसविले ते आधी कागदावर आखून. ठरावीक मापाचा चौक, त्याच्या उत्तरेला व दक्षिणेला घरांचे भूखंड, पूर्वेला व पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या जागा, असा एक विभाग पूर्ण झाला की त्याला लागून तसाच दुसरा, अशा रीतीने शहर वाढत गेले. असे चोवीस चौक झाले आणि त्यांपैकी बावीस आजही आहेत. प्रत्येक चौकात दाट सावली आणि बाके आहेत, वाहने त्याला वळसा घालून सावकाश जातात आणि एका चौकातून निघाल्यावर दोन-तीन मिनिटांत पुढचा येतो. जमीन सपाट आहे. आई, थोडे चालायचे, थोडे बसायचे आणि तरीही काही चुकले असे वाटू द्यायचे नाही, अशी सोय अमेरिकेत फार थोड्या शहरांत आहे. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी झिपऱ्या पाहून तुला बांडगुळाची शंका येईल, म्हणून आधीच सांगते की ती अननसाच्या कुळातील वनस्पती आहे. ती झाडाचा रस घेत नाही, हवेतील ओलाव्यावर आणि पावसावर जगते.

हे सारे आपोआप टिकले असे मात्र नाही. १९५४ मध्ये वाहनतळासाठी शहराची जुनी मंडई पाडली गेली, तेव्हा सात स्त्रियांनी पुढच्याच वर्षी संस्था स्थापन करून पाडण्यासाठी काढलेले डेव्हनपोर्ट हाउस हे जुने घर वाचविले आणि पुढे शेकडो घरे वाचली. मंडईच्या जागी उभारलेला तो वाहनतळही अखेर पाडण्यात आला आणि २०१० मध्ये एलिस चौक पुन्हा खुला झाला. गाड्या आता जमिनीखाली उभ्या राहतात. नदीकाठचा रिव्हर स्ट्रीट तेवढा जपून पाहावा लागेल. शहर उंच कड्यावर आहे आणि खाली उतरणारे दगडी जिने व उतार जुन्या जहाजांतून वजनासाठी आणलेल्या ओबडधोबड दगडांचे आहेत. आपण लिफ्टने उतरू, बाकावर बसू आणि कंटेनरची अजस्र जहाजे अगदी समोरून, इमारत सरकत जावी तशी, जाताना पाहू. बाबांना तेथून उठविणे कठीण जाणार, हे गृहीत धरूनच मी वेळ राखला आहे.

चार्ल्सटन याहून जुने. १६७० मध्ये वसाहत झाली आणि दहा वर्षांनी ती ॲशली व कूपर या दोन नद्यांमधील सध्याच्या भूशिरावर आली. ते अधिक श्रीमंत, अधिक दाटीचे आणि बरेच महागही आहे. तेथील जुन्या घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांबच लांब ओसरी दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे, समुद्राचा वारा घेण्यासाठी. रस्त्यावरचे दार उघडले की आपण घरात नव्हे, त्या ओसरीवर येतो. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. १८८६ च्या भूकंपानंतर कित्येक घरे आरपार लोखंडी गज घालून आवळली गेली, त्या गजांची ती टोके आहेत. देखणेपणाचाच निकाल लावायचा असेल तर चार्ल्सटन जिंकते, हे मी मान्य करते. पण विटांचे आणि फरश्यांचे पदपथ झाडांच्या मुळांनी उचललेले आहेत, बसायला जागा कमी आहेत आणि मोठ्या भरतीला काही रस्त्यांवर पाऊस नसतानाही खारे पाणी चढते.

तरीही चार्ल्सटन टाळू नये, असे मी आग्रहाने म्हणते, आणि त्याचे कारण भात आहे. बाबा, तुमची उभी नोकरी खाडीकाठच्या बांधांवर आणि उघाड्यांवर गेली, म्हणून हा भाग तुमच्यासाठी विस्ताराने लिहिते. अठराव्या शतकात येथील जमीनदारांना अफाट संपत्ती मिळाली ती मुख्यतः भाताच्या निर्यातीतून. हा भात नद्यांच्या काठी, भरतीचा जोर पोहोचतो पण पाणी गोडे असते अशा पट्ट्यात होत असे. आपल्याकडे खारे पाणी बाहेर ठेवायला आणि पावसाचे पाणी सोडायला उघाडी बांधतात. येथे भरतीच्या रेट्याने फुगलेले नदीचे गोडे पाणी शेतात घ्यायचे आणि ओहोटीला काढून द्यायचे, अशी योजना होती. बांधाखालून एक लांब लाकडी पेटी आरपार घातलेली असे आणि तिच्या दोन्ही तोंडांना वर उचलता येणारे, झुलते दार. नदीकडचे दार उचलले की भरतीचे पाणी आतले दार ढकलून शेतात शिरते. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने ते दार मिटते. पाणी काढायचे तेव्हा नेमके उलट करायचे. ॲशली नदीकाठच्या मिडलटन प्लेस या जुन्या मळ्यावर प्रात्यक्षिकासाठी भाताचे शेत राखले आहे, तेथे आपण जाऊ.

दलदलीतील झाडे तोडून हे मैलोगणती बांध हातांनी घातले ते गुलाम आफ्रिकी माणसांनी. त्यांतील पुष्कळांना सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या भात पिकविणाऱ्या प्रदेशांतून धरून आणले होते आणि लावणीपासून कांडण्यापर्यंतचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. मालक उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीने शहरातील त्या वारेदार ओसऱ्यांवर येऊन राहत; मजुरांना चिखलातून सुटका नव्हती. त्यांचे वंशज गल्ला-गीची लोक आजही चार्ल्सटनच्या बाजारात गवताच्या विणलेल्या टोपल्या विकतात. भात पाखडण्याची त्यांची जुनी रुंद टोपली आई पाहताच ओळखेल. किमती ऐकून घासाघीस करण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. एकेका टोपलीला कित्येक दिवसांचे काम असते.

म्हणून तेथील दिवसाचा मोठा भाग मी २०२३ मध्ये उघडलेल्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकी अमेरिकी संग्रहालयासाठी ठेवला आहे. गॅड्सडेन धक्क्यावर, जेथे गुलामांची जहाजे रिकामी होत, त्याच जागी ते आहे, आणि ती भूमी मोकळी राहावी म्हणून इमारत खांबांवर उचलली आहे. खाली फरशीत दाटीने निजविलेल्या माणसांच्या आकृती कोरल्या आहेत; त्यांवर पाणी भरते आणि ओसरते. फोर्ट सम्टर, जेथे एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाचा पहिला मारा झाला, तेथे बोटीने जावे लागते. त्यात अर्धा दिवस जाईल आणि भात व संग्रहालय यांपुढे तो खर्च मला पटत नाही.

सव्हाना या बाबतीत निर्दोष आहे, असे समजू नका. जॉर्जियात आरंभी गुलामगिरीला बंदी होती, पण ती १७५१ मध्ये उठली आणि मग तेथेही हेच चालले. गुलामगिरीचा कडवा समर्थक जॉन कॅल्हून याचा पुतळा चार्ल्सटनमध्ये शंभर फुटांहून उंच खांबावर होता, तो २०२० मध्ये उतरविला गेला. सव्हानाने त्याच्या नावाच्या चौकाला २०२३ मध्ये सूझी किंग टेलर यांचे नाव देण्याचे ठरविले. गुलामीत जन्मलेल्या या बाईने युद्धकाळात मुक्त झालेल्यांना शिकविले आणि सैनिकांची शुश्रूषा केली. आपला सकाळचा फेरफटका त्या चौकातूनच जाईल.

जेवणाविषयी आईला काळजी असेल. मक्याच्या कण्या दोन्हीकडे मिळतात, बाबांना त्यांवर कोळंबी घालून देतील. पालेभाजी आणि कडधान्ये मात्र बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजविलेली असतात, म्हणून आईसाठी प्रत्येक वेळी विचारून घेऊ. शिवाय सव्हानात मी स्वयंपाकघर असलेली जागा पाहते आहे, तेव्हा एक वेळचा वरणभात निश्चित.

एप्रिलचा पहिला पंधरवडा उत्तम. मार्चच्या मध्यावर सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीसाठी सव्हानात पाय ठेवायला जागा नसते, आणि जूनपासून उकाडा व वादळांचा मोसम सुरू होतो. संध्याकाळी खाडीकाठी बारीक चिलटे चावतात, त्यासाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घ्यावेत. अटलांटाहून सव्हाना मोटारीने चार तास आहे. वाटेत दोनदा थांबू. आईने चपलांऐवजी मागून बंद असलेले बूट आणावेत आणि ते आतापासूनच घालून चालण्याचा सराव ठेवावा.

बाबा, मिडलटनला सकाळी जायचे की दुपारी, हे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून तुम्हीच ठरवा. तारखा नक्की झाल्या की वेळापत्रक पाठविते.

तुमची,
माधवी