जखमेपर्यंत रक्त पोचतंय का?

यंदा जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत माझे सासरे अनवाणी चालले. अंगठ्याखाली खडा रुतला, पण मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली, कळलंच नाही. (उभा जन्म यंत्रमागापुढे गेलेला, पाय दुखला तरी सांगायची सवय नाही.) हळद झाली, मलमं झाली. चार महिने जखम फिकटच. अशा जखमेत नव्या केशवाहिन्या, म्हणजे रक्ताच्या केसासारख्या बारीक नळ्या, नीट फुटत नाहीत, प्राणवायू पोचत नाही, मग लालसर दाणेदार मांस धरत नाही. ते धरावं म्हणून वृद्धी-घटकाचं, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं जेल असतं. अशाच एका जेलला, बेकाप्लर्मिनला, अमेरिकेत १९९७ सालीच मान्यता मिळाली. शेजाऱ्यांचा आग्रह, तेच आणा. पण पायाला रक्त नेणारी वरची धमनीच तुंबली असेल तर जेल काय करणार? मेन लाइनला पाणी नसताना घरात नवे नळ बसवण्यातला प्रकार. वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी भरत आलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. रक्त पोचतंय का याचा अंदाज देणारी पायाची नाडी आम्ही तपासून घेतली ती थेट मे महिन्यात. महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही आला की चप्पल-मोजे काढायला लावून तळवे बघावेत, नाडी चाचपावी. त्याला यंत्रही लागत नाही.

– एक वाचक, सोलापूर